पोचल्याची पोच

आमच्या शब्दकोशात 'पोचणे' हा शब्द तीन आठवडे वाटेतच अडकून पडला होता. मूळ नोंद 'पोहोचणे' अशी करायची की 'पोचणे' अशी, यावर कचेरीत दोन तट पडले होते. पोहोचणेवाले म्हणत, मधला 'हो' खाणं हा निव्वळ आळशीपणा आहे. पोचणेवाले म्हणत, दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला धाप लागलेली असते, 'हो' म्हणायला त्याला सवड कुठे? मी पोचणेवाल्यांत होतो. त्यामागे व्याकरण वगैरे काही नव्हतं. 'प'च्या कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे होता आणि एक अक्षर कमी लिहावं लागलं तर मला हवंच होतं.

कचेरी म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला, चार टेबलं, सोळा कपाटं आणि एक पंखा. पंखा लावला की कार्डं उडत, म्हणून तो कायम बंद. मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे 'कोर्ट' म्हणायचो. पुराव्याशिवाय ते काही म्हणजे काही मानत नसत. कार्डावर शब्द लिहा, अर्थ लिहा, उदाहरणाचं वाक्य कितीही सुबक रचा. कार्ड परत यायचं तेव्हा कोपऱ्यात लाल शाईत एकच शब्द असायचा: 'कशावरून?' मी 'पाणी'च्या कार्डावर 'तहान भागवणारा पदार्थ' असं लिहिलं होतं. तेही परत आलं होतं.

'पोचणे'वर मी बरीच मेहनत घेतली होती. इच्छित जागी येणं हा पहिला अर्थ. पोचलेला माणूस म्हणजे ज्याला कुणी फसवू शकत नाही असा. पोच नसणं म्हणजे कुठे काय बोलावं ते न कळणं. हा शब्द आमची ताई माझ्या लहानपणापासून माझ्यासाठी वापरत आली आहे. पोच देणं म्हणजे वस्तू हाती आल्याचं कळवणं. आणि पोचवून येणं. हा प्रयोग लोक जरा जपून करतात, कारण त्यात ज्याला पोचवतात तो सोडून बाकी सगळे परत येतात. पहिल्या अर्थाला मी उदाहरण दिलं होतं, 'तो घरी पोचला.' इतकं निरुपद्रवी वाक्य साऱ्या कोशात दुसरं नसेल. त्यापुढेही लाल शाई आली: 'कशावरून?'

ते कार्ड तसंच खिशात घालून मी शनिवारी ताईकडे गेलो.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती सतराची. वडील फिरतीवर असायचे, वजनकाटे दुरुस्त करायचे. ते जिथे जात तिथून एका शब्दाचं पत्र पाठवत: 'पोचलो.' ते पत्र येईपर्यंत ताईच्या घशाखाली घास उतरत नसे. पुढे वडीलही गेले. मी शिकायला वसतिगृहात निघालो तेव्हा तिने मला पंचवीस पोस्टकार्डं दिली. प्रत्येकावर तिनेच तिच्या अक्षरात 'पोचलो' असं लिहिलं होतं आणि मागे तिचाच पत्ता. मजकूर तयार, पत्ता तयार. माझ्यासाठी फक्त पोचायचं बाकी ठेवलं होतं. पहिलं कार्ड मी वसतिगृहात जाऊन टाकायचा कंटाळा केला आणि निघताना आमच्याच गल्लीतल्या पेटीत टाकलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मिळालं. त्यावर शिक्का आमच्याच गावाचा होता. ती काही बोलली नाही. मला वाटलं, लक्षात आलं नाही. तेव्हापासून माझी अशी समजूत होती की ताईच्या फारसं काही लक्षात येत नाही.

पोस्टकार्डाची जागा फोनने घेतली, पण शब्द तोच राहिला. दोनतीन महिन्यांतून एकदा मी तिच्याकडे जायचो. येताना बसने चार तास लागत. खोलीवर आलो की फोन करायचा, "ताई, पोचलो." ती म्हणायची, "बरं झालं. आता जेवते मी." मग फोन ठेवायची.

यातली पहिली लबाडी मी खरोखर तिच्यासाठीच केली. माझी बस अर्ध्या वाटेत बंद पडली होती आणि दुपारचे तीन वाजले होते. ही उपाशी बसेल म्हणून मी रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन केला, "पोचलो." ती म्हणाली, "बरं झालं. आता जेवते मी." मला फार बरं वाटलं. एका शब्दात एका माणसाचं पोट भरता येतं हे लक्षात आल्यावर माणूस तो शब्द जपून वापरत नाही. पुढच्या खेपेला दोन थांबे आधी फोन केला. त्याच्या पुढच्या खेपेला चार. हळूहळू पोचणं आणि 'पोचलो' म्हणणं यांचा एकमेकांशी संबंधच उरला नाही.

आणि मग मला बसस्थानकाजवळचं चहाचं दुकान सापडलं.

ते ताईच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. आत सहा बाकं, काचेचं एक कपाट, आणि फलाटांकडे उघडणारी मोठी खिडकी. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. ताईकडे दोन दिवस राहिलं की मला थोडं कोंडल्यासारखं व्हायचं. मी पन्नाशीचा माणूस. पण तिच्या घरात मी चप्पल कुठे काढली, अंघोळीला किती वेळ लावला, पोट साफ झालं का, याची विचारपूस व्हायची. खोलीवर परतलो की तिथे तळमजल्यावर घरमालकीणबाई. मी जिन्यात पाऊल टाकलं की त्यांचं दार उघडायचं आणि त्या विचारायच्या, "आलात का?" मी दरवेळी उत्तर द्यायचो, "नाही, अजून वाटेत आहे." मला हा विनोद फार आवडायचा. त्या दार लावून घ्यायच्या. मी एकदा ताईजवळ त्यांची तक्रारही केली होती, की बाईंना दुसऱ्याच्या येण्याजाण्याची भारी चौकशी. ताई म्हणाली होती, "असतात बाई काही काही जणी."

तर दोन चौकशांच्या मध्ये मला थोडी मोकळी जागा हवी होती, आणि ती मला चहाच्या दुकानात मिळाली. मी ताईकडून साडेदहाच्या बसला म्हणून दहाला निघायचो, दुकानात बसायचो, पेपर वाचायचो, अडीच वाजले की "पोचलो" असा फोन करायचो आणि तीनच्या बसने निघायचो. सात वर्षं हा क्रम बिनबोभाट चालला होता.

त्या रविवारी सकाळी ताई म्हणाली, "आजचा दिवस राहा की. उद्या पहाटेच्या बसने जा."

"नाही जमणार. कोर्टाला 'प'चा गठ्ठा हवाय. आज रात्रीत संपवायचाय."

"कशावरून?" ताई म्हणाली.

आदल्या दिवशी मी तिला लाल शाईची गोष्ट सांगितली होती. तेव्हापासून तिने तो शब्दच उचलला होता. मी भूक नाही म्हणालो की "कशावरून?", झोप झाली म्हणालो की "कशावरून?" आणि मग स्वतःच हसायची. या वेळीही हसली. मीही हसलो.

"कार्ड बघ," असं म्हणून मी खिशातलं कार्ड काढून दाखवलं. तिने ते हात लांब धरून वाचलं.

"तो घरी पोचला," ती म्हणाली. "यात कसला पुरावा हवा रे त्यांना? पोचला म्हणाला की पोचला."

तिने कार्ड माझ्या खिशात परत ठेवलं आणि वरून खिसा थोपटला. मी "येतो" म्हणालो. आपल्या भाषेत निघालेला माणूस 'येतो' म्हणतो, त्यामुळे निघताना तरी मी काही खोटं बोललो असं कुणाला म्हणता येणार नाही.

दुकानात बसल्यावर कळलं की वाचायचा चष्मा सापडत नाही. असेल पिशवीच्या तळाशी म्हणून मी फार शोधला नाही. पेपर समोर धरला आणि मोठ्या अक्षरांवर भागवलं. दोन चहा झाले. चहावाला गप्प राहणारा माणूस होता आणि त्यासाठीच मी त्याच्याकडे जायचो. सगळं छान चाललं होतं.

अडीच वाजून पाच मिनिटांनी मी फोन लावला.

"ताई, पोचलो."

"हो का," ताई म्हणाली.

त्या दिवशी बसस्थानकावर सूचना देणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती. नेमकं त्याच वेळी त्यांनी सुरू केलं, "तीन वाजता सुटणारी गाडी फलाट क्रमांक चारवर", आणि इथे त्या शिंकल्या. चांगली दणदणीत शिंक होती. ती माझ्या उजव्या कानात खिडकीतून आली. आणि एक श्वास घेण्याइतक्या अवधीने तीच शिंक डाव्या कानात फोनमधून आली.

मी शब्दकोशाचा माणूस. दोन ठिकाणी एकच उल्लेख सापडला की मूळ एकच असणार, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

"बरं झालं," फोनमध्ये ताई म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नव्हता. "आता जेवते मी."

फोन बंद झाला. मी मागे वळून बघितलं नाही. खरं तर वळून बघायला काहीच हरकत नव्हती. दोन पावलांवर माझी बहीण उभी होती, वाघ नव्हता. मी पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. पन्नाशीतला, अर्धं टक्कल पडलेला, पाच खंडांच्या कोशावर ज्याचं नाव छापून येणार असा मी, पेपराआड लपून बसलो. पेपराच्या कडेवरून थोड्या वेळाने बघितलं तेव्हा ताईची पाठ दिसली. ती चौकशीच्या खिडकीजवळून फाटकाकडे चालली होती. गुडघा दुखतो म्हणून छत्री टेकत. दर पाचसहा पावलांवर थांबत होती. ती थांबली की माझा श्वास थांबायचा. आता वळेल, आता वळेल. ती वळली नाही. आपल्याला कुणी पाहू नये म्हणून माणसं मान वळवतात हे मला माहीत होतं. समोरच्याला लाज वाटू नये म्हणूनही कुणी मान सरळ ठेवून चालतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

तीनची गाडी लागली. मी शेवटच्या बाकावर कोपऱ्यात जाऊन बसलो. मनाची समजूत घालायला सुरुवात केली होती. तिला दिसलो नसेन. ती दुसऱ्याच कामाला आली असेल. शिंका काय, सारख्याच असतात.

शहराच्या टोकाचा नाका मागे पडला तसा कंडक्टर तिकिटं आटपून माझ्यापर्यंत आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली लहानशी पुडी होती.

"हे तुमचं," तो म्हणाला.

"माझं कशावरून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"एका बाईंनी दिलंय. छत्रीवाल्या. आधी म्हणाल्या, शेवटच्या थांब्यावर चौकशीच्या खिडकीत ठेवा, भाऊ येऊन नेईल. मग त्यांना फोन आला. फोन झाल्यावर म्हणाल्या, तिथे ठेवू नका, गाडीतच द्या. चहाच्या दुकानात उलटा पेपर धरून बसलाय तो माणूस."

आजूबाजूच्या दोघातिघांनी माझ्याकडे बघितलं.

"उलटा?" मी विचारलं.

"मीपण बघितला ना. उलटाच होता," कंडक्टर म्हणाला. पुरावा दोन साक्षीदारांचा झाला. "आणि म्हणाल्या, नाका ओलांडल्यावरच द्या. आधी दिलंत तर खाली उतरून मागे येईल, गाडी चुकेल आणि त्याला घरी जायला आणखी उशीर होईल."

पुडीत माझा चष्मा होता. काचा पुसलेल्या होत्या. चिठ्ठी नव्हती. मी दोनदा कागद उलगडून बघितला. चिठ्ठी असती तर बरं झालं असतं असं वाटलं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

चार तास मी तो चष्मा लावून बसलो. वाचायचा चष्मा असल्यामुळे खिडकीबाहेरचं काही धड दिसत नव्हतं, पण काढवला नाही. पेपर, उलटा की सुलटा, उघडला नाही. तिने आजचा दिवस राहा म्हणून सांगितलं होतं. मला कोशाचं काम होतं. आणि ते काम मी तिच्या घरापासून दहा मिनिटांवर साडेचार तास, दोन चहांवर केलं होतं. ते तिने मोजलं असेल का, असा विचार मी पुन्हा पुन्हा करत होतो. मोजायला तिला फारसं गणित लागणार नव्हतं. मी दहाला निघालो होतो, ती अडीचला स्थानकावर होती आणि मी तिथेच होतो.

गाडी शेवटच्या थांब्यावर थांबली तेव्हा मी सवयीने फोन हातात घेतला. मग लक्षात आलं की आज खरोखर पोचलो आहे आणि ते सांगायला माझ्याकडे शब्द नाही. तो मी दुपारीच वापरून टाकला होता. 'आता खरंच पोचलो' म्हणावं तर दुपारचं काय ते कबूल करावं लागणार. न कळवावं तर ती समजेल की कळवायची गरज नाही असंच मला वाटतं. फोन खिशात टाकून मी चालत घराकडे निघालो. रस्त्यावर दिवे लागत होते.

जिन्यात पाऊल टाकलं आणि तळमजल्याचं दार उघडलं.

"आलात का?" घरमालकीणबाईंनी विचारलं. फोन त्यांच्या कानाशीच होता.

"आलो," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, "आले हो ताई. आज वाकडं नाही बोलले. बरं नसावं."

मी पहिल्या पायरीवरच थांबलो.

"कुणाशी बोलताय?"

"तुमच्या ताईंशी. दुसरं कोण?" त्यांनी फोन छातीशी धरला. "तुम्ही गावाहून परत आलात की मी कळवायचं, असं ठरलंय आमचं. तुम्ही राहायला आलात तेव्हापासून. सात वर्षं झाली."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्हाला सांगायचं नाही, हेही ठरलंय." त्यांनी एवढं सांगून फोन पुढे केला. "बोलता?"

मला नको होतं. पण बाईंचा हात तसाच पुढे राहिला आणि त्या हाताला सात वर्षं झाली होती. मी फोन घेतला.

"ताई," मी म्हणालो. "पोचलो."

पलीकडून तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. दुपारी ऐकू यायला हवी होती ती.

मग ताई म्हणाली, "कशावरून?"

आवाजात राग नव्हता. सकाळी विचारलं होतं तशाच आवाजात विचारलं. फक्त नंतर हसली नाही.

मी पुरावा शोधायला लागलो. खिशात बसचं तिकीट होतं. डोळ्यांवर चष्मा होता. वरच्या खिशात कार्ड होतं आणि त्यावर माझ्याच अक्षरात 'तो घरी पोचला' असं लिहिलेलं होतं. यातलं काहीच फोनमधून दाखवता येत नव्हतं. तिथून फक्त माझा शब्द जाऊ शकत होता. ताई वाट बघत थांबली होती. मी फोन बाईंच्या हातात परत दिला.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

बाईंनी फोन कानाला लावला. "आले हो. माझ्यासमोर उभे आहेत. चष्मा? हो, आहे की डोळ्यांवर. नाही, माझ्याकडे नाही बघत. खाली बघतायत. हो. बरं. सांगते. तुम्हीपण जपा."

त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"काही नाही. आता जेवते म्हणाल्या."

त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वासात झाले होते. ताई दुपारी साडेबाराला जेवते. तिच्या घरात मी दोन दिवस साडेबाराला जेवलो होतो.

"म्हणजे रात्रीचं," मी म्हणालो.

"दुपारचंच," बाई दार लोटता लोटता म्हणाल्या. "तुम्ही पोचल्याशिवाय कधी जेवल्यात त्या?"